कुलाब्याची सुई आणि सूर्यावरचे डाग

चुंबकाची सुई मधोमध धाग्याला बांधून टांगली की ती उत्तर-दक्षिण स्थिरावते. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या वारंगा फाट्यावर ती खऱ्या उत्तरेपासून एक अंशसुद्धा ढळलेली दिसत नाही. पण ही स्थिरता वरवरची आहे. त्याच सुईला बारीक आरसा चिकटवला आणि त्यावरून परतणारी प्रकाशाची तिरीप चार-सहा हातांवरच्या भिंतीवर पाडली, तर भिंतीवरचा ठिपका दिवसभर सरकताना दिसतो. दिवस वर चढतो तसा तो एका बाजूला जातो, उन्हे कलली की माघारी येतो आणि रात्री जवळजवळ स्वस्थ असतो. एखाद्या दिवशी मात्र तो अचानक झेप घेतो, तासन्‌तास थरथरतो आणि पूर्वीच्या जागी यायला दोन-तीन दिवस लावतो. याला चुंबकीय वादळ म्हणतात. आभाळ निरभ्र असते, वाऱ्याची झुळूक नसते, तरी सुईच्या दृष्टीने ते वादळच. ते कोणत्या दिवशी यायचे हे सूर्यावर ठरते, आणि ते वरचेवर यायचे की क्वचित, हे सूर्याच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रावर.

हा संबंध जगाला कळला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्या काळापासून आजवर सुईच्या हालचालींची जी मोजकी लांब दप्तरे जगात राहिली, त्यांपैकी एक महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे आहे: आधी मुंबईत कुलाब्याला, पुढे अलिबागला. या दप्तराचा इतिहास हाच महाराष्ट्रातल्या सौरसंशोधनाचा कणा.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. बंदरातल्या गलबतांना आणि जहाजांना अचूक वेळ कळावी, एवढाच तिचा पहिला हेतू होता. त्याच वर्षी जर्मनीतल्या देसाऊ गावात हाइन्रिख श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्याने सूर्यावरचे डाग रोज मोजायला सुरुवात केली. त्याला हवा होता बुधाच्याही आत फिरणारा एखादा अज्ञात ग्रह. ग्रह मिळाला नाही. सतरा वर्षांच्या वह्या चाळताना मात्र डागांची संख्या साधारण दहा वर्षांनी वाढते आणि घटते, हे त्याच्या लक्षात आले. डाग तसे जुनेच होते. १६११ च्या सुमारास गॅलिलिओ, शाइनर, फाब्रिसियस यांनी ते दुर्बिणीतून पाहिले होते. तरी त्यांना काही ताल असेल, ही शंका दोनशे वर्षे फारशी कोणाला आली नव्हती. श्वाबेचा निष्कर्ष १८४४ साली छापला गेला आणि बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला.

कुलाब्यात चुंबकीय नोंदी सुरू झाल्या त्या १८४१ साली, एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या हाताखाली. त्या काळी ब्रिटिश साम्राज्यात टोरांटोपासून होबार्टपर्यंत चुंबकीय वेधशाळांची साखळी उभी राहत होती. होकायंत्रावर चालणाऱ्या आरमाराला सुईचे चाळे कळणे गरजेचे होते. मुंबई त्या काळातलाच एक दुवा. या वेधशाळेत मराठी माणसे आरंभापासून होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ तिचे काम होते. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, ऐन सोळाव्या वर्षाच्या सुमारास ऑर्लेबार यांचे मदतनीस म्हणून दरमहा पन्नास रुपयांवर इथे लागले. पुढे गणिताचे प्राध्यापक, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’चे कर्ते आणि टिळकांचे गुरू म्हणून त्यांचे नाव झाले. सौरडाग आणि हवामान यांच्या नात्याचाही त्यांनी अभ्यास केला. त्याची मुळे कुलाब्यातल्या या उमेदवारीत असावीत, असे मानायला हरकत नाही. केरूनानांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. कुलाब्याचे चुंबक शेवटी ज्या गावी जाऊन राहिले, त्याच्या शेजारचेच हे गाव.

१८४६ पासून नोंदी तासातासाने आणि अखंड होऊ लागल्या. हे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. अंधाऱ्या खोलीत रेशमी धाग्यांवर चुंबक टांगलेला असे. त्याच्या आरशात पडलेले मोजपट्टीचे प्रतिबिंब निरीक्षक काही अंतरावरच्या लहान दुर्बिणीतून वाची, आकडा वहीत मांडी आणि तापमानाची नोंद करी. चुंबकाजवळ लोखंड चालत नाही. खिशातली किल्ली किंवा चाकू बाहेर ठेवूनच आत जायचे. रात्री दोनलाही वाचन, तीनलाही वाचन. सुई बिथरली, की तास सोडून दर पाच मिनिटांनी आकडा घ्यायचा असा दंडक होता. डब्लिनच्या टॉमस ग्रब यांनी घडवलेली ही उपकरणे नाजूक होती आणि वाचणारी माणसे चिवट. वेधशाळेच्या प्रमुखांची नावे इतिहासात आहेत. रात्रपाळीला डोळा लावून बसणाऱ्यांची फारशी नाहीत, आणि खरे श्रेय त्यांच्याकडे जाते.

दरम्यान युरोपात धागे जुळत होते. हुम्बोल्टने १८५१ साली ‘कॉसमॉस’ ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात श्वाबेचे कोष्टक छापले आणि विद्वानांचे लक्ष तिकडे गेले. १८५२ साली एडवर्ड सॅबाइन यांनी टोरांटो आणि होबार्टच्या नोंदी तपासून सांगितले, की सुईची वादळे आणि सूर्याचे डाग एकाच चालीने वाढतात-घटतात. झुरिकच्या रूडॉल्फ वुल्फ यांनी जुनी टिपणे गोळा करून चक्राची सरासरी अकरा वर्षांहून किंचित जास्त ठरवली. १७५५ ला सुरू झालेल्या चक्राला त्यांनी पहिला क्रमांक दिला. हा क्रमांक आजही पाळला जातो.

मग १ सप्टेंबर १८५९ उजाडला. इंग्लंडमध्ये रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याचे प्रतिबिंब पडद्यावर घेऊन डाग रेखाटत होते. सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर डोळे दिपवणारे दोन पांढरे ठिपके उमटले आणि पाच मिनिटांत विझले. रिचर्ड हॉजसन यांनीही दुसऱ्या ठिकाणाहून तेच पाहिले. सौरज्वालेचे माणसाने केलेले हे पहिले निरीक्षण. मुंबईत त्या वेळी दुपारचे चार वाजून गेले होते. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित वायूचा लोट साधारण साडेसतरा तासांत पृथ्वीवर आदळला. इतका प्रवास एरवी दोन-तीन दिवस घेतो. युरोपात, अमेरिकेत तारयंत्रे ठिणग्या टाकू लागली. क्यू आणि ग्रीनिच इथल्या वेधशाळांत सुई इतकी लांब गेली, की प्रकाशाचा ठिपका छायाचित्रणाच्या कागदाबाहेर पडला आणि वादळाचा कळस टिपलाच गेला नाही.

कुलाब्यात तो टिपला गेला. तिथे कागद नव्हता, माणूस होता. २ सप्टेंबरची सकाळ उलटत असताना चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक, म्हणजे सुईला उत्तरेकडे ओढणारा जोर, एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. एकूण क्षैतिज क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या घरातली ही घट. आकडा किरकोळ वाटतो. पण मार्च १९८९ मध्ये कॅनडातला क्वेबेक प्रांत ज्या वादळाने अंधारात गेला, त्याची जागतिक मोजणी सहाशेच्याही आत होती. कुलाब्याची सुई काही तासांतच बरीचशी सावरली, आणि पाच-पाच मिनिटांनी आकडे मांडणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत याची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते.

ही पाने जवळजवळ दीडशे वर्षे पडून होती. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासोबत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरुबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी ती जगापुढे आणली. तेव्हापासून कॅरिंग्टन वादळाची चर्चा कुलाब्याच्या आलेखाशिवाय पुरी होत नाही. उष्णकटिबंधातली जागा इथे उपयोगी पडली. ध्रुवांकडच्या वेधशाळांवर तिथल्या वातावरणातले स्थानिक विद्युतप्रवाह गोंधळ घालतात. कुलाब्यासारख्या दक्षिणेकडच्या ठिकाणी मुख्यतः पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वलयाकार प्रवाहाचा परिणाम दिसतो. १,६०० ची सगळी घट त्या वलयाचीच की तीत इतरही प्रवाहांचा वाटा होता, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

१८५९ च्या वादळानंतर बारा-तेरा वर्षांनी मुंबईने त्याहून नवलाची गोष्ट पाहिली. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रविवारी रात्री शहराच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची, तो रंग बदलत पहाटेपर्यंत टिकल्याची आणि समुद्रतळाच्या तारांचे काम तासन्‌तास अडल्याची बातमी त्या वेळच्या वर्तमानपत्रात आली. नॉर्वे-आइसलँडचा हा प्रकाश मुंबईच्या अक्षांशावर दिसणे इतके अपवादात्मक, की काही संशोधक त्या बातमीकडे आजही साशंक नजरेने पाहतात. कुलाब्याची सुई मात्र त्या रात्रीच्या प्रचंड वादळाची स्वतंत्र साक्ष देते.

यानंतरचे प्रकरण दुष्काळाचे आहे, आणि मराठवाड्याच्या वाचकाला ते जवळचे वाटेल. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे मेली. त्या वेळी सौरडागांची संख्या नीचांकाकडे उतरत होती. विल्यम हंटर आणि नॉर्मन लॉकियर यांनी १८७७ साली सौरडाग आणि दुष्काळ यांची सांगड घालणारा लेख लिहिला. डाग कमी तेव्हा पाऊस कमी, असा त्याचा मथितार्थ. मुंबईतले हवामान अधिकारी फ्रेडरिक चेंबर्स यांनी हवेचा दाब, डाग, पाऊस आणि दुष्काळ यांची सांगड घालणारा प्रबंध १८८० साली ‘नेचर’मध्ये छापला. अकरा वर्षे आधी दुष्काळाचा अंदाज सांगता आला तर सरकारला हवेच होते. सूर्याचे रोज छायाचित्र घेण्याचे काम देहरादूनला सुरू झाले, आणि या विचाराच्या रेट्यातून पुढे दक्षिणेत कोडाईकनालची सौरवेधशाळा उभी राहिली.

सिद्धान्त टिकला नाही. गिल्बर्ट वॉकर यांनी हवामान खात्याचे प्रमुख असताना डाग आणि पाऊस यांचे आकडे जगभरच्या केंद्रांतून गोळा करून तपासले, तेव्हा हाती लागलेला संबंध फार दुबळा होता. अंदाज बांधण्याइतका दम त्यात नव्हता. मराठवाड्याचा स्वतःचा अनुभवही तेच सांगतो. १८९९-१९०० चा दुष्काळ डागांच्या ओहोटीत आला. १९७२ चा आला तो भरती ओसरत असताना, मधल्याच टप्प्यावर. २०१४ आणि २०१५ ची लागोपाठची अवर्षणे, ज्यांच्या शेवटी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ती चक्राच्या शिखराला लागून होती. आणखी मागे जायचे तर १६३० ते १६३२ चा, तुकोबांच्या घरापर्यंत पोचलेला दुष्काळ पडला तेव्हा सूर्य आपला नेहमीसारखा डागाळलेला होता. त्यानंतर १६४५ ते १७१५ अशी सत्तर वर्षे डाग जवळपास नाहीसे झाले. याला माउंडर नीचांक म्हणतात. शिवाजी महाराजांची सगळी कारकीर्द, राज्याभिषेकासकट, या निर्डाग सूर्याखाली झाली. त्यावरून काही अनुमान काढण्याचा मोह टाळलेलाच बरा. चुकीच्या कारणासाठी मिळालेल्या पैशातून मात्र कोडाईकनालला एक अस्सल वेधशाळा उभी राहिली, आणि विज्ञानाच्या इतिहासात असे व्यवहार नवे नाहीत.

पुण्याचीही एक वेधशाळा या कथेत येते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास करणारे ते पहिल्या भारतीयांपैकी. वीस इंचांची आरशाची दुर्बीण त्यांच्याकडे होती, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. सामान कोडाईकनालला गेले. एका माणसावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर मिटते, याचे हे ठळक उदाहरण. दुर्बिणीला तिकडे ‘भावनगर दुर्बीण’ हे नाव पडले. पुण्याचे नाव त्यात राहिले नाही.

नायगमवालांचा सर्वांत मोठा दिवस होता २२ जानेवारी १८९८. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातल्या विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढला आणि ईशान्येकडे महाराष्ट्र ओलांडून गेला. विजयदुर्गावर लॉकियर स्वतः तळ ठोकून होते. करमाळ्याजवळच्या जेऊर स्थानकापाशी नायगमवालांची पुण्याची तुकडी होती, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून आलेले विल्यम कॅम्पबेलही होते. वऱ्हाडात तळणीला वॉल्टर आणि अ‍ॅनी माउंडर हे दांपत्य. नकाशावर जेऊर आणि तळणी सरळ रेषेने जोडली, तर ती आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या वायव्य भागावरून, सेनगावच्या अंगाने जाते. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. वारंगा फाट्यावरून हिंगोलीमार्गे सेनगाव गाठायला आज दोन-अडीच तास पुरतात. १८९८ साली त्या बाजूच्या शेतकऱ्यांनी भरदुपारी सुमारे दोन मिनिटांची रात्र अनुभवली असणार.

त्या दोन मिनिटांत दिसते ते सूर्याचे प्रभामंडळ. त्याचा आकार चक्राबरोबर बदलतो. डागांच्या भरतीत ते चहूबाजूंना सारखे फुललेले असते, ओहोटीत विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना लांबते आणि ध्रुवांवर पिसांसारखे तुरे उरतात. १८९८ चे ग्रहण ओसरत्या चक्रातले होते. अ‍ॅनी माउंडर यांनी तळणीच्या माळावरून घेतलेल्या छायाचित्रात प्रभामंडळाचा एक धागा सूर्यबिंबापासून कितीतरी दूर गेलेला दिसला. तोवर छायाचित्रात इतका लांब धागा कोणी पकडला नव्हता. हा आकार चुंबकीय बलरेषांचा आहे, हे तेव्हा कोणी ठामपणे म्हणू शकत नव्हते. सहा वर्षांनी, १९०४ साली, माउंडर दांपत्याने डागांची अक्षांशे कालक्रमाने मांडली आणि कागदावर फुलपाखरांची रांग उमटली. प्रत्येक चक्राच्या आरंभी डाग मध्य अक्षांशांवर उगवतात आणि चक्र संपत येते तसे विषुववृत्ताकडे सरकतात. वर आलेल्या सत्तर वर्षांच्या नीचांकाला नाव मिळाले ते याच माउंडरांचे.

डाग म्हणजे चुंबक, हे सिद्ध केले जॉर्ज एलरी हेल यांनी, १९०८ साली, माउंट विल्सनवर. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाची एक रेषा फुटून अनेक होतात, असे झीमान यांनी १८९६ साली दाखवले होते. हेल यांना डागांच्या प्रकाशात अशाच फुटलेल्या रेषा सापडल्या. डागातले क्षेत्र तीन हजार गाउसच्या आसपास भरले, म्हणजे वारंगा फाट्यावर सुईला फिरवणाऱ्या भूचुंबकीय क्षेत्राच्या काही हजार पट. इतके तीव्र क्षेत्र खालून वर येणाऱ्या तप्त वायूला अडवते. तेवढा भाग चार हजार अंशांच्या आसपास राहतो, भोवतालचा पृष्ठभाग सहा हजारांच्या जवळ, म्हणून डाग काळा दिसतो. तो वेगळा काढून आकाशात ठेवला तर चंद्राहून कितीतरी तेजस्वी दिसेल. डाग बहुधा जोडीने येतात, एक उत्तर ध्रुव आणि एक दक्षिण. एका गोलार्धात पुढचा डाग उत्तर असेल तर दुसऱ्या गोलार्धात तो दक्षिण असतो, आणि पुढच्या चक्रात ही व्यवस्था उलटते. चक्राच्या शिखराजवळ सूर्याचे ध्रुवही अदलाबदल करतात. म्हणून डागांचे चक्र अकरा वर्षांचे असले तरी चुंबकत्वाचे पुरे चक्र बावीस वर्षांचे.

हे का होते याचे पहिले पटणारे चित्र होरेस बॅबकॉक यांनी १९६१ साली मांडले. सूर्य घन नाही. त्याचा मधला पट्टा पंचवीस दिवसांत फिरतो, ध्रुवांकडचा भाग पस्तीस दिवस घेतो. आतल्या बलरेषा तप्त वायूला बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या ओढल्या जातात आणि चातीवर सूत गुंडाळावे तशा सूर्याभोवती गुंडाळल्या जातात. गुंडाळी घट्ट झाली की मध्येच पीळ पडून वेटोळे वर येते. ते पृष्ठभाग फोडते त्या दोन जागी दोन डाग. मोडलेल्या डागांचे क्षेत्र हळूहळू ध्रुवांकडे वाहत जाते, जुने ध्रुव पुसते आणि उलट ध्रुव उभे करते. तपशिलात या चित्रात बरीच दुरुस्ती झाली आहे. गुंडाळीचा मुख्य कारखाना सूर्याच्या पोटात नेमका किती खोल आहे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

इकडे मुंबईत कुलाब्याच्या सुईवर वेगळेच संकट आले होते. चार्ल्स चेंबर्स यांच्या दीर्घ कारकिर्दीनंतर १८९६ साली नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस वेधशाळेचे संचालक झाले. हे पहिले भारतीय संचालक, जन्म १८५९ चा, म्हणजे कॅरिंग्टनच्या वादळाच्याच वर्षीचा. ते आल्यावर काही वर्षांतच शहरात विजेच्या ट्रामची तयारी सुरू झाली. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह सूर्याच्या वादळाइतकाच सुईला नाचवतो, आणि तो रोज, वेळापत्रकाने. मूस यांनी नवी जागा शोधली: समुद्रापलीकडे, मुंबईच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर, अलिबाग. इमारत पोरबंदरी दगडाची. लोखंडाचा खिळाही नको म्हणून जोडकामाला पितळ आणि तांबे. नोंदीची खोली अशी बांधली की आतले तापमान दिवसभरात जवळजवळ बदलत नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, म्हणजे दोन्ही दप्तरांचा सांधा नीट बसला. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा चुंबक आधीच सुरक्षित जागी पोचले होते. गंमत अशी, की अलिबागच्या किल्ल्याचे नावही कुलाबा, आणि १९८१ साली रायगड हे नाव मिळेपर्यंत जिल्ह्याचे नावही तेच. सुई कुलाब्याहून कुलाब्यालाच गेली.

मूस यांचे दुसरे काम त्याहून मोठे. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या सगळ्या नोंदी आणि त्यांची चर्चा त्यांनी १९१० साली दोन जाडजूड भागांत छापली. रोजचा चढउतार ऋतूनुसार कसा बदलतो, सौरडागांच्या भरतीत तो किती वाढतो, वादळ कसे अचानक सुरू होते आणि कसे ओसरते, हे सगळे त्यात तासवार कोष्टकांसह आहे. भूचुंबकत्वाचे अभ्यासक या ग्रंथाला नुसते ‘मूस खंड’ म्हणतात. तो छापला नसता तर कुलाब्याच्या वह्या ओल, वाळवी आणि बदल्या यांतून किती वाचल्या असत्या, सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी कल्याणजवळ ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या ३२ छोट्या थाळ्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. भारताची ही पहिली मोठी रेडिओ दुर्बीण सूर्यासाठीच होती. प्रभामंडळाचे दहा लाख अंशांचे तापमान तिने मोजले. १९७१ साली भूचुंबकत्वाचे काम हवामान खात्यातून वेगळे होऊन भारतीय भूचुंबकत्व संस्था झाली. तिचे मुख्यालय आता नवी पनवेलला आहे, आणि तिच्या चुंबकीय वेधशाळांत अलिबागबरोबर नागपूरही आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचले. सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी त्यावरची दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली. यानावर चुंबकमापकही आहे. अलिबागची सुई जे पृथ्वीवर आल्यावर सांगते, ते हा मापक काही मिनिटे आधी वाटेतच टिपतो.

वारंगा फाट्यावर नांदेडचा, हिंगोलीचा आणि हदगाव-उमरखेडमार्गे नागपूरचा रस्ता एकत्र येतो. ट्रकवाले इथे खिचडी खायला थांबतात. सूर्याच्या चक्राचा त्यांच्याशी संबंध येतो तो मोबाइलमधल्या नकाशातून. डागांची भरती असली की वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर दाट होतो. भारताच्या या अक्षांशांवर सूर्यास्तानंतर त्यात पोकळ्या उठतात आणि उपग्रहांचे संदेश थरथरत येतात, जागा काही मीटर चुकीची दिसू शकते. शेतातल्या सौरपंपाला मात्र काही फरक पडत नाही. पूर्ण चक्रात सूर्याची एकूण ऊर्जा हजारात एकच भाग कमी-जास्त होते. पॅनेलवरची धूळ याहून जास्त वीज खाते. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. अशा उपकरणांना चुंबकीय क्षेत्राची बारीक थरथरही चालत नाही, म्हणून त्यांच्या शेजारी चुंबकमापके ठेवतात. सुईची नोंद ठेवण्याचे काम अशा वळणाने हिंगोली जिल्ह्यापर्यंत येते आहे.

पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. १० मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथून क्षितिजावर लाल प्रकाश दिसला. ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास चक्राने शिखर गाठले, आणि आता ते उतरणीला लागले आहे. कुलाब्यात तासवार नोंदी सुरू झाल्या तेव्हा नववे चक्र चालू होते. त्या दप्तरातले हे सतरावे.